साहेबाचं पॉलिश, आमचं तेल

श्रावण सरत आला की आमच्या गल्लीत बांबूच्या कमच्या सोलायला सुरुवात होते. पोरं घरोघर हिंडून जुने पेपर, फाटके शर्ट, सुतळ्या गोळा करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाची इडापिडा घेऊन जाणारी बाईची अवाढव्य मूर्ती, आणि मारबतीच्या मागे बडगे. वर्षभरात ज्याने ज्याने लोकांचा जीव खाल्ला त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, शहरभर मिरवायचा आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत शेवटी जाळून टाकायचा. महागाई, रॉकेल, नळाला न येणारं पाणी, असे विषय काही संपत नाहीत. परवा गल्लीतल्या पोरांनी मला विचारलं, काकू, यंदा कोणाचा बडग्या करायचा? मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. आमचा आम्ही केला होता, आणि त्याचं मला अजून काडीचंही वाईट वाटत नाही.

साठचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आमच्या घरामागे बाबांची तेलघाणी होती. तीळ असे, जवस असे, पण जास्त जवसच. घरात दुखलं-खुपलं, अडलं-नडलं की औषध एकच. दार करकरलं, तेल. टाच फाटली, तेल. सायकलची चेन, बैलाचं शिंग, माझी वेणी, सगळ्यांचं देणं माय एकाच वाटीतून भागवायची. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली नाक मुरडत. मी त्यांना सांगायची, तुमच्या भाजीतही आमचंच तेल आहे गं.

माझा मोठा भाऊ मनोहर, माझा दादा, मोहल्ल्याच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होता. उंचीला बेताचा, पण पळायला लागला की अंगावर चिखल उडायच्या आत पुढे निघून गेलेला असायचा. आमची लीग पावसाळ्यातच व्हायची. उन्हाळ्यात त्या मैदानाची काळी माती विटेसारखी कडक होई, तिच्यावर पडलं की गुडघे सोलून निघत. पावसात निदान पडायला बरं. पोळा-गणपतीच्या आसपास लीगला ऐन रंग चढलेला असायचा, आणि शाळा, घाणी, स्वयंपाक सोडून निम्मा मोहल्ला दोरीच्या कडेला भिजत उभा असायचा.

तेव्हाचा बॉल चामड्याचा असे. आत रबरी ब्लॅडर आणि वर तोंड आवळायला वादी. कोरडा असताना तो मोठा देखणा दिसायचा. पाऊस पडला की मात्र पाणी पिऊन असा जड व्हायचा की हेड मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. वादीची गाठ कपाळाला लागली तर रक्त यायचं. दादाच्या भुवईवर अशी एक खूण होती. ती जखम माय हळद भरून बांधत होती तेव्हा तिने बॉलकडे पाहिलं आणि तिला त्या बॉलचीही दया आली असावी. तिने त्यालाही तेल लावलं.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. लीगमध्ये ज्यांची मॅच यजमानपदाची असे त्यांनी बॉल आणायचा. आमची पाळी आली की बॉल दोन दिवस आधी आमच्या घरी येई. माय किंवा मी चिंधीने जवसाचं तेल चोळत असू. जवसाचं तेल उन्हात वाळतं, त्याची चामड्यावर साय धरल्यासारखी पातळ झिल्ली बसते आणि पाणी आत शिरत नाही. मग बॉल अंगणात खाटेवर वाळत पडायचा. येणारा-जाणारा पाहायचा, चौकशी करायचा. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्या श्रावणात झड लागली. विदर्भातली झड ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. पाऊस कोसळत नाही, नुसता थांबायचं विसरतो. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, चूल धुरकटते, माणसं कारण नसताना एकमेकांवर खेकसतात. अशा झडीत सिव्हिल लाइन्सकडच्या क्लबाशी आमची मॅच आली. त्या क्लबात अधिकारी होते, अधिकाऱ्यांची मुलं होती, आणि मैदानापर्यंत मोटारीने येणारी टीम तेवढी एकच होती. मायने नेहमीसारखं तेल लावलं. पाऊस जास्त म्हणून एक हात जास्तच दिला. पण ऊन नव्हतंच, तेल वाळणार कसं? मॅचच्या दिवशी बॉल घेऊन निघताना हाताला ओशटपणा लागत होता. दादाने शर्टाला हात पुसले आणि म्हणाला, मैदानावर निघून जाईल. चूक म्हणायची ती एवढीच. मी ती तेव्हाही नाकारली नाही आणि आजही नाकारत नाही.

रेफरीने मॅचच्या आधी बॉल हातात घेतला. अंगठ्याने दाबला, जमिनीवर आपटून पाहिला, नाकाशी नेला आणि हसून विचारलं, भजी तळली का यात? आमची पोरं हसली, त्यांचीही हसली. मग शिटी वाजली. पूर्वार्धात त्यांनी गोल केला तेव्हा कोणाला तेल दिसलं नाही. उत्तरार्धात दादाने लांबून मारलेला बॉल त्यांच्या गोलकीपरच्या हातातून निसटला आणि आत गेला. थोड्या वेळाने आमचा दुसराही गोल झाला आणि आम्ही जिंकलो. मॅच संपली आणि मग त्यांच्या कॅप्टनने बॉल उचलून प्रेक्षकांमध्ये बसलेल्या लीगच्या सेक्रेटरीसाहेबांकडे नेला. साहेबांनी तो चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

आठवड्याभराने लीगच्या कमिटीचा निकाल लागला. मॅच त्या क्लबाला बहाल, आमचे गुण रद्द, आणि कॅप्टन म्हणून दादाला पुढचा संपूर्ण सीझन बंदी. कारण दिलं होतं ‘टेंपरिंग’. हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. बाबांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि घाणीकडे निघून गेले.

मी किती वेळा या निकालाची उलटतपासणी केली असेल! दळताना, निवडताना, नंतर शाळेत शिकवायला लागले तेव्हा पेपर तपासताना. बॉल एक होता आणि तो बावीस जणांनी खेळला. निसरडा होता तर दोघांनाही निसरडा होता. आमच्या गोलकीपरच्या हातून तर तो पूर्वार्धातच निसटला होता, त्यांचा गोल झाला तो तसाच. रेफरीने पाहून, हुंगून, हसून पास केलेला बॉल होता. नियमाच्या पुस्तकात म्हणे एवढंच होतं की बॉल खराब वाटला तर रेफरीने दुसरा घ्यावा. तो मागायचं मॅच संपेपर्यंत कोणाला सुचलं नाही, कारण तोवर त्यांना आपण जिंकू असं वाटत होतं.

आणि त्यांचा बॉल? त्याच सीझनमध्ये त्यांच्या यजमानपदाची मॅच आम्ही पाहिली होती. मोटारीच्या बॉनेटवर बॉल ठेवून एक खेळाडू चपट्या गोल डबीतलं विलायती पॉलिश त्याला चोळत होता. पिवळसर, चरबीसारखं. त्याचाही वास येत होता, पण तो चांगला वास होता. सेक्रेटरीसाहेब शेजारी उभं राहून त्याच्याशी गप्पा मारत होते. त्याला बॉलची निगा राखणं म्हणतात, असं नंतर कमिटीतल्या एकाने आम्हाला समजावलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे न्यायाचं कलम मला तेव्हाच पाठ झालं.

शिक्षा मुळीच नको होती असं माझं म्हणणं नाही. तेल जास्त झालं होतं, ओलं होतं. तेवढ्यासाठी मॅच पुन्हा खेळवा. फार तर गुण घ्या. आमच्या घरात पावशेर मागणाऱ्याला पावशेरच मिळायचं, मापट्याने. चुकीलाही माप असतं आणि शिक्षेलाही असावं लागतं. मापटं देणाऱ्याच्या मर्जीने वाढायला लागलं की त्याला न्याय म्हणत नाहीत.

पण एक सीझन हा काही हवेतला हिशेब नव्हता. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या कारखान्याची फुटबॉल टीम उभी राहत होती. त्यांचा एक माणूस दोन मॅचेस पाहून गेला होता आणि दादाला म्हणाला होता, पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडून खेळ, मशीनवर नोकरी पक्की. घाणीचे दिवस भरत आलेले बाबांनाही दिसत होते. गिरणीचं तेल स्वस्त पडू लागलं होतं. दादाची ती नोकरी म्हणजे आमच्या घराचा पुढचा रस्ता होता. बंदी आली आणि रस्त्यावर आडवी बल्ली पडली.

तेवढ्यात पोळा आला. मोहल्ल्यातली पोरं आधीच पेटलेली. एरवी रॉकेलवर बडग्या निघायचा होता, तो रातोरात बदलला. बांबूच्या टोपल्याचं पोट केलं, त्यावर चुन्याने आणि काजळीने फुटबॉलच्या चामड्याचे तुकडे रंगवले. डोक्यावर हॅट, गळ्यात टाय. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात चपटी डबी. दादा त्या दिवशी काटोलला होता, बाबांनी जवसाच्या सौद्यासाठी पाठवलं होतं. पाटी काय लिहायची यावर वाद चालला होता तो मी खिडकीतून ऐकत होते. शेवटी ती पाटी मी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं. ‘साहेबाचं ते पॉलिश, आमचं ते पाप.’

मिरवणुकीत तो बडग्या निघाला तेव्हा इतवारीपासून गांधीबागेपर्यंत लोक हसत होते. कापडाच्या दुकानांतले गुमास्ते गज टाकून बाहेर आले. काही जणांनी पाटीचा अर्थ विचारला आणि ज्यांना फुटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यांनाही तो लगेच कळला. ‘डबीवाल्याले घेऊन जा गे मारबत’ असं कोणीतरी सुरू केलं आणि सगळी गर्दी तेच ओरडू लागली. मी गच्चीवरून पाहत होते. इतकं समाधान मला नंतर बीएडच्या निकालानेही दिलं नाही.

हसू मात्र महाग पडलं. कमिटीची पुन्हा बैठक बसली आणि एका सीझनचे दोन झाले. तेलाची शिक्षा एक, हसण्याची एक. सोबत निरोप आला की मनोहरने कमिटीपुढे येऊन माफी मागावी, बडग्या करणाऱ्यांची नावं सांगावीत, मग सगळीच बंदी उठवण्याचा विचार करू. हिंगण्याचा माणूसही घरी येऊन गेला. भला माणूस होता. म्हणाला, दिवाळीपर्यंत जागा धरतो, तेवढं सॉरी म्हणून टाक, शब्दाला काय लागते?

 दादा नावं देणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पाटीचं अक्षर कोणाचं हे त्याला काटोलहून आल्या-आल्या कळलं होतं आणि त्याने मला फक्त एवढंच म्हटलं होतं की काना थोडा मोठा काढायचा, दुरून दिसत नाही. पण माफीचं काय? मोहल्ल्यात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, वाकलं म्हणून मोडत नाही. दुसऱ्याचं, एकदा वाकलं की लोक पाठीवर बसतात. मग मीच विचारलं, दादा, तू काहून नाही म्हणून राहिला? नोकरी जाईन ना.

“तेल लावलं हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं,” तो म्हणाला. “चोरी असती तं लपवली असती. आता माफी मागतली तं चोरी होती असंच होते न वं.”

मायला हे सहन झालं नाही. एक दिवस दुपारी तिने नऊवारी नेसली, मला सोबत घेतलं आणि दादाला न सांगता कमिटीच्या ऑफिसात गेली. आयुष्यात ती पहिल्यांदाच कुठल्या ऑफिसात जात होती. सेक्रेटरीसाहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस उर्मट नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे. वकील होते, आवाज मऊ होता. मायने चहाला हात लावला नाही.

“तेल म्या लावलं,” ती म्हणाली. “जास्त झालं, वाळलं नाई. माफी पायजे तं मी मागतो. पोराले खेळू द्या.”

आणि तिने खरंच दोन्ही हात जोडले. टेबलापलीकडच्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “बाई, तुमच्या भावना समजतात. पण आता प्रश्न तेलाचा नाही, शिस्तीचा आहे. माफी त्यानेच मागायला हवी.”

मायने जोडलेले हात हळूच सोडले. “तेलाचा नाई तं मंग तेलासाठी शिक्षा काहून देल्ली?” तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. साहेबांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. आम्ही उठलो. घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, तू माफी मागू नको. माझ्या मनात तोपर्यंत जी थोडी चलबिचल होती ती त्या टेबलापाशीच संपली. चूक जिने केली ती स्वतःहून पदर पसरून उभी आहे, आणि तुम्हाला ती नको आहे. तुम्हाला त्याची मान हवी आहे ज्याची अजून वाकली नाही. याला शिस्त म्हणत असतील तर मी शिक्षिका म्हणून तीस वर्षांत एकदाही वर्गात शिस्त लावली नाही.

दिवाळी आली आणि गेली. हिंगण्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कंपनीची बस सकाळी आमच्या चौकातून जायची. दादा तेव्हा सायकलवर तेलाचे डबे बांधत असायचा. त्याला वाईट वाटत नसेल असं मी म्हणणार नाही, तो काही संत नव्हता. कधीकधी जेवता जेवता हात थांबायचा. एकदा तो ताटावरून उठून गेला. मायही मग जेवली नाही. पुढच्या वर्षी घाणी बंद पडली आणि तो गांधीबागेत एका ठोक कापडवाल्याकडे गठ्ठे बांधायला लागला.

दोन पावसाळे तो दोरीबाहेर उभा होता. मैदानात पाय ठेवायची मनाई होती, दोरीपाशी उभं राहायची नव्हती. डोक्यावर पोतं घेऊन तो प्रत्येक मॅचला यायचा. आमची टीम हरत गेली, खालच्या गटात घसरली. कोणी त्याला दोष दिला नाही, तट पडले होते तेही मिटले. पावसाची सर वाढली की तो आपल्या पोरांना ओरडून सांगायचा, हेड नका मारू गा, बॉल जड झाला असन. कारण आता बॉल लीगच द्यायची. कोरा, बिनतेलाचा, पाणी पिऊन दगड झालेला. न्याय झाला होता, आणि कपाळं फुटत होती.

अलीकडे कुठल्या ना कुठल्या खेळातल्या अशा भानगडी पेपरात येतात. कोणी बॉल खरवडला, कोणी हवा कमी केली, कोणाला किती मॅचेस बंदी. घरातली मुलं तावातावाने बोलतात. मी त्यांना एवढंच विचारते, दोषी कोण ते नंतर सांगा. आधी सांगा, शिक्षा कशासाठी दिली, आणि दुसऱ्याने तेच केलं तेव्हा काय दिली होती? मुलं म्हणतात, काकू, तू नेहमी आरोपीच्या बाजूने असतेस. असते. देणाऱ्याच्या बाजूने उभं राहायला माणसं कमी नसतात.

तिसऱ्या पावसाळ्यात दादा परत मैदानात उतरला. अंग थोडं जड झालं होतं, दिवसभर गठ्ठे उचलून खांदे वाकल्यासारखे दिसत होते. लीगचा पहिला दिवस म्हणून दोन्ही टीम ओळीने उभ्या होत्या आणि सेक्रेटरीसाहेब एकेकाशी हस्तांदोलन करत येत होते. दोरीच्या कडेला आमचा सगळा मोहल्ला होता, माय होती. साहेब दादापाशी थांबले. त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या मनाने म्हणाले, “चला, झालं गेलं विसरून जाऊ. तेव्हाच सॉरी म्हणाला असतास तर दोन वर्षं वाचली असती.”

दादाने हात ओढून घेतला नाही. तो त्यांच्याकडे नीट पाहत म्हणाला, “शिक्षा तुमची होती साहेब, ते तुम्ही देल्ली. माफी माही होती. ते मी नाही देल्ली.”

साहेब पुढच्या खेळाडूकडे सरकले. त्या मॅचमध्ये दादाला एकही गोल करता आला नाही. बॉल जड होता, तो पूर्वीसारखा पळूही शकला नाही, आणि आम्ही सपाटून हरलो. संध्याकाळी चिखलाने भरलेले आम्ही सगळे इतवारीच्या रस्त्याने परत येत होतो तेव्हा एका पानवाल्याने विचारलं, जिंकले का गा? माय सगळ्यांच्या पुढे चालत होती. तिने मागे न पाहता सांगितलं, हो.